वाण्याची वही, दहा मिनिटांचा हिशेब

गेल्या कार्तिकातली गोष्ट. ओडिशात हा महिना व्रताचा. असंख्य घरांत मासळी वर्ज्य होते आणि अरवा तांदूळ, मूगडाळ, तूप यांचा खप वाढतो. भुवनेश्वरच्या ज्या वसाहतीत मी निवृत्तीनंतर राहतो, तिच्या कोपऱ्यावरील किराणा दुकानदाराचे हे वर्षातले चांगले दिवस. तरीही त्या सकाळी तो रिकामा बसला होता. मी काडेपेटी घ्यायला थांबलो, तेव्हा त्याने गल्ल्याखालून उधारीची वही काढली, माझ्या नावाचे पान उघडले आणि काही न बोलता माझ्यापुढे धरले. शेवटची नोंद ३४० रुपयांची होती, तीही दोन महिन्यांपूर्वीची. त्याआधीची पाने महिन्याला चार-साडेचार हजारांच्या बेरजांनी भरलेली होती.

‘‘रागावू नका, आज्ञा,’’ तो म्हणाला. ओडियात ‘आज्ञा’ हे आदराचे संबोधन. ‘‘एक विचारायचे आहे. मालकाला माझा आणि शेजारचे दोन गाळे एकत्र करून एका कंपनीच्या गोदामाला द्यायचे आहेत. मला राहायचे असेल, तर भाडे वाढवून तीन वर्षांचा करार कर म्हणतात. तुम्ही सरकारात होता. तीन वर्षे हे दुकान चालेल का?’’

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी किती तरी टिपणे लिहिली. त्यातली काही किरकोळ व्यापारावरचीही होती. त्यांत ‘असंघटित क्षेत्र’ नावाचा एक शब्दप्रयोग असे आणि त्यापुढे आकडे असत. देशात सव्वा कोटीच्या आसपास किराणा दुकाने आहेत, हा त्यांतला नेहमीचा अंदाज. त्या सव्वा कोटींपैकी एक मला माझ्याच नावाचे पान दाखवून भविष्य विचारील, अशी सोय कोणत्याही टिपणात नव्हती. मी काडेपेटीचे पैसे दिले आणि ‘दोन दिवसांनी सांगतो’ म्हणून निघालो. फायलीवर ‘चर्चा करावी’ असे लिहून ती परत पाठवण्याची सवय एवढ्या लवकर जात नाही.

मी त्या दुकानातून खरेदी थांबवण्याचे कधी ठरवले नव्हते. मुलगी बंगळुरूला असते. उन्हाळ्यात माझा गुडघा दुखू लागला, तेव्हा तिने तिथून मोबाइलवर आमच्या घरी तांदूळ, तेल, साबण पाठवायला सुरुवात केली. सामान खरोखर दहा-पंधरा मिनिटांत येई. गुडघा बरा झाला, पण क्रम चालू राहिला. घराघरांतून असेच झाले असावे. वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने २०२४ मध्ये असा दावा केला, की वर्षभरात सुमारे दोन लाख किराणा दुकाने बंद पडली. दावा हितसंबंधी गटाचा आहे, तेव्हा तो चार हात दूर ठेवूनच वाचावा. पण माझ्या गल्लीपुरता मी त्याचा साक्षीदार आहे, आणि आरोपीही.

याच महिन्यांत देशभर स्वदेशीचा नाद घुमत होता. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले. सप्टेंबरात वस्तू व सेवा कराचे दर उतरले. आणि पंतप्रधानांनी दुकानदारांना स्वदेशीचे फलक लावण्याचे आवाहन केले. आमच्या दुकानदारानेही फलक लावला होता. त्याखाली ज्या साबणाच्या वड्या रचल्या होत्या, त्याच वड्या मुलीच्या मोबाइलवरून त्याच छापील किमतीला किंवा दोन रुपये कमी किमतीला येतात. म्हणजे मालाचे स्वदेशीपण दोन्हीकडे सारखेच. फरक आहे तो माल हाती देणाऱ्यात. स्वदेशीच्या घोषणेत या फरकाला जागा नाही, आणि दुकानदाराचा प्रश्न नेमका त्या फरकाचा होता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या घोषणेसरशी बंगाल आठवतो. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये बहिष्काराचा ठराव झाला. त्याच दिवसाची आठवण म्हणून २०१५ पासून आपण राष्ट्रीय हातमाग दिन पाळतो. त्या चळवळीचे मोल वादातीत आहे. परंतु सुमित सरकार यांनी तिच्या इतिहासात जी दुसरी बाजू मांडली, तिचा उल्लेख समारंभांत होत नाही. स्वदेशी कापड बहुधा जाडेभरडे आणि महाग होते. कलकत्त्याच्या वकिलाला तो फरक सोसवत असे. पूर्व बंगालातल्या मुसलमान किंवा नामशूद्र कुळाला सोसवत नसे. गावोगावच्या आठवडी बाजारांत निरोधन सुरू झाले, विलायती कापड विकणाऱ्या लहान दुकानदारांवर जमीनदारांच्या माणसांची सक्ती झाली, आणि देशप्रेमाची किंमत ज्यांनी भरली त्यांना ती भरायची की नाही हे कोणी विचारले नव्हते. रवींद्रनाथ ठाकूर आरंभी या चळवळीत अग्रभागी होते. ते तिच्यापासून दूर झाले आणि १९१६ च्या ‘घरे बाइरे’ या कादंबरीत त्यांनी नेमका हाच पेच उभा केला: स्वस्त विलायती माल विकून पोट भरणाऱ्या गरीब फेरीवाल्याचा माल जाळण्याचा अधिकार कोणाला?

तेव्हा ‘स्थानिक दुकानातूनच घ्या’ असा सरसकट उपदेश करण्याचे धाडस माझ्याने होत नाही. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातला दरडोई मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये आणि शहरातला ६,९९६ रुपये आहे. सरासरीच एवढी, तर तिच्या खालच्या घरांत किलोमागे पाच रुपयांचा फरक हा तत्त्वाचा प्रश्न राहत नाही. तो दुधाचा प्रश्न होतो. अशा घराने जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्यावे आणि त्याबद्दल कोणी त्याला बोल लावू नये. दुकान निवडण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उरतो तो माझ्यासारख्या निवृत्तिवेतनवाल्यांना आणि ज्यांना पाच रुपये जाणवत नाहीत त्यांना. वस्तुस्थिती मात्र उलटी आहे. रोजची मजुरी झाल्यावर पन्नास ग्रॅम चहा आणि दहा रुपयांचे तेल नेणारा माणूस अजून कोपऱ्यावरच जातो, कारण तेवढे सुटे त्याला दुसरीकडे मिळत नाही. दुकान सोडून गेलो ते आम्ही.

मग दुकानदार आम्हाला असे काय देत होता, जे साबणाच्या वडीत नव्हते? याचे उत्तर मला ३ मे २०१९ ला मिळाले होते आणि मी ते विसरलो होतो. त्या दिवशी पुरीजवळ ‘फणी’ चक्रीवादळ किनाऱ्याला धडकले. भुवनेश्वरमध्ये झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले. अनेक भागांत वीज कित्येक दिवस आली नाही. मोबाइलचे मनोरे बंद, एटीएम बंद, कार्ड चालवणारी यंत्रे बंद. शहराच्या हाती नोटा नव्हत्या आणि नोटांवाचून व्यवहार करण्याची जी काही नवी साधने होती ती सारी विजेवर चालणारी. त्या आठवड्यात या दुकानदाराने वसाहतीला चुडा, गूळ, मेणबत्त्या, काडेपेट्या आणि पिण्याचे पाणी वहीत लिहून दिले. माझ्या नावावर अकराशे रुपये चढले. मी मागितली नव्हती, पण त्याने एक पावतीही आगपेटीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दिली होती. पुढच्याच चौकातल्या दुसऱ्या दुकानात मेणबत्तीचे पाकीट छापील किमतीच्या दुपटीने विकले जात होते, हेही नोंदवले पाहिजे. वादळात सारे वाणी संत झाले नव्हते. ज्याला आपण उद्याही इथेच दिसणार आहोत याची जाणीव होती, तो नीट वागला, एवढेच.

अर्थशास्त्राची परिभाषा वापरायची तर ही एक प्रकारची विमा-सेवा आहे आणि तिचा हप्ता दुकानदार साबणाच्या नफ्यातून वसूल करतो. आपण साबण दुसरीकडून घेतला की हप्ता थांबतो. वादळाच्या दिवशी मात्र विमा चालूच असावा अशी आपली अपेक्षा असते. मार्च २०२० च्या टाळेबंदीतही हेच दिसले. त्या पहिल्या आठवड्यांत देशाला धान्य पोचवले ते मुख्यतः शिधावाटप दुकानांनी आणि या कोपऱ्यावरच्या दुकानांनी.

उधारीच्या वहीचे एवढे गुणगान केल्यावर तिची काळी बाजू सांगणे मराठी वाचकांपुढे तरी टाळता येणार नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा जमाव सावकारांवर चालून गेला. ते सावकार गावचे दुकानदारही होते. जमावाला हवी होती ती खतपत्रे आणि खातेवह्या, आणि त्यांनी त्या जाळल्या. दुकान, धान्याची खरेदी आणि कर्ज या तिन्ही गोष्टी एकाच हाती आल्या, की ओळख हीच बेडी होते. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा त्यातूनच आला. ओडिशाच्या पश्चिम भागात जिल्हाधिकारी असताना मी अशा वह्या पाहिल्या आहेत. त्यांत तांदूळ उधार दिलेला असे आणि वसुली महुआ, तेंदूपाने किंवा पुढल्या हंगामातल्या मजुरीने होई. अशा गावात बाहेरचा दुसरा विक्रेता येणे हे संकट नसते, ती सुटका असते.

‘स्थानिक’ या शब्दाभोवती आपण जे पावित्र्य उभे केले आहे, त्याबाबत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत जे ऐकवले, ते आजही ऐकण्यासारखे आहे. ग्रामसमाजाची भलावण करणाऱ्यांना त्यांनी खेड्याच्या संकुचितपणाची आठवण करून दिली. ज्या दुकानात पैसे खाली ठेवावे लागत आणि पुडी वरून टाकली जाई, त्या दुकानाविषयी हळहळ वाटण्याचे त्या गिऱ्हाइकाला कारण नाही. मोबाइलवरून माल मागवणाऱ्याची जात यंत्र विचारत नाही. अनेक स्त्रियांना आणि मुलींनाही काही वस्तू ओळखीच्या काउंटरवर मागण्यापेक्षा अनोळखी खोक्यातून आलेल्या बऱ्या वाटतात. ओळखीतून जिव्हाळा येतो तशी पाळतही येते. माझ्या पिढीच्या पुरुषांना जिव्हाळा आठवतो, याचे कारण पाळत आमच्यावर नव्हती.

काही खरेदी तर सरळच दुसरीकडे करावी अशी आहे. मी रक्तदाबाच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेतो. नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेची केंद्रे जानेवारी २०२५ पर्यंत १५,००० झाली. बहुतेक औषधे नामांकित कंपन्यांच्या औषधांपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त. ओळखीच्या औषध दुकानदाराला वाईट वाटले. पण आयुष्यभर रोज घ्यायच्या गोळीवर ओळखीखातर दुप्पट-चौपट खर्च करणे हा भिडस्तपणा झाला. शिवाय ते केंद्र चालवणारा तरुणही शेजारच्याच वस्तीतला आहे. तोही लहान व्यावसायिकच. ‘फणी’नंतर मी एका स्थानिक विक्रेत्याकडून इन्व्हर्टरची बॅटरी घेतली. ‘बिल कशाला, साहेब, कर वाचेल’ असे तो म्हणाला आणि मी, जन्मभर शासनाचे पगारपत्रक घेतलेला माणूस, गप्प बसलो. सात महिन्यांत बॅटरी बसली. बिल नाही, म्हणून हमी नाही, म्हणून तक्रार नाही. तेव्हापासून जिथे हमी, दुरुस्ती किंवा परतफेडीचा प्रश्न येतो, तिथे जो पक्के बिल देतो तो माझा दुकानदार. मग तो कोपऱ्यावरचा असो की परगावचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याची मुभा दिल्यापासून परगावचा विक्रेता पूर्वीइतका दूर राहिलेला नाही.

याचा अर्थ मोबाइलवरचा बाजार सरळमार्गी आहे असा नव्हे. किमतीत शेवटच्या पायरीवर शुल्क मिसळणे, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे अशा तेरा प्रकारच्या फसव्या मांडण्यांवर केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती उगाच नाहीत. वाणी वजनात मारत असे. वैधमापन निरीक्षक वजने तपासू शकत असे. मुलीला दिसणारी आणि मला दिसणारी किंमत एकच आहे का, हे तपासायला निरीक्षकाने कोणता तराजू न्यावा?

मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न असा, की स्वस्ताई येते कुठून? घाऊक खरेदीतून, मधले दोन हात कमी करण्यातून, नासाडी टाळण्यातून आली असेल, तर ती कमाईची स्वस्ताई आहे आणि तिचा लाभ घेण्यात संकोच नको. दुसरी स्वस्ताई गुंतवणूकदाराच्या तोट्यातून येते. ती प्रतिस्पर्धी संपेपर्यंतची असते. टॅक्सीच्या बाबतीत आपण ती येतानाही पाहिली आणि जातानाही. तिसरी कोणाच्या तरी अंगावर निघते. दुपारच्या उन्हात चौथ्या मजल्यावर पाण्याच्या बाटल्यांची पेटी चढवणाऱ्या मुलाला अपघात झाला तर त्याचा विमा कोणी काढला आहे, याचे उत्तर देशात अनेक वर्षे कोणाहीकडे नव्हते. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी पहिला कायदा केला. आम्ही ओडिशावाले त्या बाबतीत मागेच आहोत.

या तीन स्वस्ताया ग्राहकाला बिलावर वेगळ्या दिसत नाहीत. त्या वेगळ्या करणे हे राज्यसंस्थेचे काम, आणि इथे माझी माझ्याच बिरादरीविषयी तक्रार आहे. गेली पंधरा वर्षे आपण किरकोळ व्यापाराकडे केवळ परकीय-स्वकीय या एकाच चष्म्यातून पाहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला मान्यता मिळाली, तेव्हा त्यासाठी किमान १० कोटी डॉलर, लहान उद्योगांकडून ३० टक्के खरेदी, राज्याची संमती अशा अटी घातल्या गेल्या. भारत बंद झाला, तृणमूल काँग्रेसने केंद्र सरकारचा पाठिंबा काढला, लोकसभेत मतदान झाले. एवढ्या गदारोळानंतर त्या वाटेने फारसे कोणी आलेच नाही. आले ते ई-व्यापाराच्या वाटेने. २०१६ मध्ये ‘बाजारमंच’ चालवणाऱ्या कंपनीत १०० टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी देण्यात आली, स्वतःचा माल साठवून विकणाऱ्या कंपनीत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नियम आणखी आवळले गेले. मंचाने विक्रीच्या किमतीवर प्रभाव टाकू नये असे बजावले गेले. नंतर २०२५ मध्ये ‘ब्लिंकिट’ची मालक कंपनी ‘इटर्नल’ने परकीय भागभांडवलाची कमाल मर्यादा ४९.५ टक्क्यांवर आणली आणि भारतीय मालकीची कंपनी म्हणून स्वतःचा माल साठवण्याचा मार्ग मोकळा करून घेतला. यात बेकायदा काहीच नाही. पण माझ्या दुकानदाराच्या दृष्टीने पाहा: शेजारच्या गोदामाचे ५१ टक्के समभाग कोणाकडे आहेत, यावर त्याच्या गल्ल्यात काय फरक पडतो?

फरक पडतो तो पडेल किमतीने, आणि तिथे कायदा लंगडा आहे. स्पर्धा कायद्याच्या चौथ्या कलमानुसार खर्चापेक्षा कमी दराने विकून प्रतिस्पर्ध्याला संपवणे हा गैरव्यवहार ठरतो, पण विक्रेता बाजारात आधीच वर्चस्व असलेला असेल तर. ज्याच्यापाशी वर्चस्व नाही पण अमाप भांडवल आहे, तो वर्चस्व मिळेपर्यंत तोटा सोसू शकतो. कायदा जागा होतो, तोवर कोपऱ्यावरचे शटर खाली आलेले असते. वर्चस्वाची अट भांडवलाच्या क्षमतेशी जोडता येईल का, यावर संसदेत गंभीर चर्चा व्हायला हवी. स्वदेशीच्या फलकांपेक्षा तिचा दुकानदाराला अधिक उपयोग आहे.

करांच्या रचनेतही असाच एक दुजाभाव बराच काळ होता. वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या माल विक्रेत्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. पण तोच विक्रेता ई-व्यापार मंचावरून एक लुगडे विकू लागला, की नोंदणी सक्तीची. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत विक्रीपुरती ही अट शिथिल झाली, म्हणजे करपद्धती लागू झाल्यानंतर सहा वर्षांनी. संबलपूरच्या विणकराला आपली बांध साडी पुण्याच्या गिऱ्हाइकाला मंचावरून विकायची तर राज्याची सीमा अजून आडवी येते, आणि हातमाग वा हस्तकलेसाठी दिलेल्या सवलतींची कागदपत्रे समजून घ्यायला त्याला सल्लागार गाठावा लागतो. दरम्यान भुवनेश्वरच्या ‘स्थानिक’ दुकानांत यंत्रावर छापलेल्या नकली संबलपुरी साड्या बिनदिक्कत विकल्या जातात. खऱ्या विणकराचे भले इथे दूरच्या खरेदीतच आहे. ज्याला साडी घ्यायची, त्याने बरगड किंवा सोनपूरच्या विणकर सहकारी संस्थेकडून मागवावी, कोपऱ्यावरून नको.

जुलै २०२५ मध्ये बंगळुरूच्या भाजीवाल्यांना आणि चहावाल्यांना यूपीआयच्या नोंदींवरून कराच्या नोटिसा गेल्या आणि अनेकांनी दुकानावरचे क्यूआर फलक काढून ‘फक्त रोख’ असे लिहिले. कर बुडवणाऱ्याची कड मी घेणार नाही. तरीही दहा वर्षे ज्याला ‘डिजिटल व्हा’ म्हणून सांगितले, त्याला पहिले पत्र नोटिसीचे जावे, हे प्रशासनाच्या हाताला कसब नसल्याचे लक्षण आहे.

यातून तिसरी एक वाट होती आणि ती आपल्याच देशात चालून पाहिलेली आहे. मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये १९०४ साली ग्राहकांनीच मालक होऊन सहकारी भांडार काढले. मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये ‘अपना बाजार’ उभा केला. ‘मुंबई ग्राहक पंचायती’ने १९७५ पासून घरांचे गट करून महिन्याचा माल एकत्र खरेदी करून वाटला. दिल्लीत १९६६ च्या महागाईत सरकारने ‘सुपर बाजार’ काढला, तो मात्र सरकारी पद्धतीनेच वाढला आणि सरकारी पद्धतीनेच मेला. त्या शेवटच्या प्रकारात माझ्या सेवेतल्या लोकांचा वाटा मोठा असल्याने अधिक बोलत नाही. पण घाऊक खरेदीची ताकद आणि ओळखीचे दुकान एकत्र नांदू शकतात, हे या संस्थांनी दाखवले. आज आमच्या गल्लीतले पाच दुकानदार मिळून कटकच्या मालगोदाम बाजारातून एकत्र माल उचलत नाहीत. प्रत्येक जण आपापली रिक्षा करतो. दहा मिनिटांची कंपनी त्यांना हरवते, तेव्हा त्यात तिच्या भांडवलाइतकाच यांच्या एकमेकांवरील अविश्वासाचाही हात असतो. २०२१ अखेरीस स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या जाळ्यातून हे जमेल अशी आशा होती. आमच्या दुकानदाराने ते नाव ऐकलेले नाही.

दोन दिवसांनी मी दुकानात गेलो. पुढची तीन वर्षे कशी असतील ते मला माहीत नव्हते. मी दुसरे काही नेले होते. घरी बसून आमच्या महिन्याच्या खरेदीची यादी केली होती आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कुठून घेणार ते लिहिले होते. तांदूळ, डाळी, गूळ, मसाले, तूप त्याच्याकडून, कारण त्यात निवड लागते आणि वाईट निघाले तर तो बदलून देतो. साबण, टूथपेस्टसारखा छापील किमतीचा माल त्याच्याकडून, दोन रुपये जास्त पडले तरी. औषधे जनऔषधीतून. पुस्तके, विजेची उपकरणे जिथे बिल व हमी मिळेल तिथून. रात्री-अपरात्री पाहुणे आले तर मोबाइल. मी मुलीशीही बोललो होतो. ती म्हणाली, ‘‘बाबा, त्यांनी घरी सामान पोचवायला माणूस ठेवला, तर मी इथून त्यांनाच फोन करीन की.’’ मी तिचे वाक्यही यादीखाली लिहिले होते.

दुकानदाराने यादी नीट वाचली. मग उलटवून मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आकडे मांडले. ‘‘तुमचे महिन्याचे २,६०० धरू. सगळे जाऊन सरासरी दहा टक्के सुटतात. म्हणजे २६० रुपये. नवे भाडे १४,०००.’’ त्याने भागाकार केला. ‘‘नुसत्या भाड्यासाठी तुमच्यासारखी ५४ घरे लागतील, आज्ञा. वीज, पोऱ्याचा पगार आणि माझे पोट वेगळे.’’

आमच्या वसाहतीत ७० घरे आहेत. आम्ही दोघे काही वेळ गप्प होतो. मी विचारले, ‘‘मग काय ठरवले?’’

त्याने मालकाशी बोलून ठेवले होते. तीन वर्षांचा करार त्याने नाकारला. अकरा महिन्यांचा मागितला, आणि मालकाने कुरकुर करीत तो दिला. सायंकाळी एक मुलगा सायकलवरून पाच किलो अरवा तांदूळ आणि मूगडाळ घेऊन आला. पिशवीत छापील बिल होते, गेल्या सहा वर्षांत त्या दुकानाने मला दिलेले पहिलेच.